वाफ कुणी बंद केली?

“वहिनी, एक सांगू? तेलकाकांकडे काही मागायचं तर जरा जपून मागत जा. त्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही.”

जहाजावरचा आचारी मला हे म्हणाला, तेव्हा मी त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एका हातात ओल्या लंगोटांची बादली, कडेवर नुकत्याच हिरड्या शिवशिवू लागलेली लेक.

“मी काय चंद्र मागतेय का त्यांच्याकडे?” मी हसत म्हटलं. “चार लंगोट तर वाळत घालायचेत.”

“आज लंगोट,” कांदा चिरता चिरता तो म्हणाला. “तुम्हाला बोलत नाही हो मी. मागे एक खलाशी थट्टेत म्हणाला, काका, बूट झकास आहेत तुमचे. दुसऱ्या दिवशी तो बुटात आणि काका अनवाणी!”

मला हसू आलं. बोलघेवडा माणूस, तिखटमीठ लावून सांगतोय, असं वाटलं. बादली उचलून मी सरळ तेलकाकांकडेच गेले.

माझा नवरा त्या जहाजावर दुय्यम इंजिनिअर होता. मूल झाल्यापासून मला घरात एकटीने राहणं जमेनासं झालं होतं. रात्रीतून कितीदा तरी उठायचं, तिच्या नाकाखाली बोट धरायचं, श्वास चालू आहे ना बघायचं. शिंकली तरी मी दिवा लावून बसायची. शेवटी नवरा म्हणाला, “म्हातारीची ही शेवटचीच मालफेरी आहे. कप्तान भला आहे, विचारून बघतो. चल तू.” सासूबाई म्हणाल्या, “तान्हं लेकरू घेऊन समुद्रावर? शिकलीस ती अक्कल गहाण टाकलीस की काय?” पण मी निघाले. निदान रात्री कुशीवर वळलं तर शेजारी दुसरं कुणी जागं असेल, एवढाच माझा विचार.

म्हातारी म्हणजे ते जहाज. कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं. खरं तर तीन नावं झाली होती. जहाजाच्या पाठीवर आताच्या नावाच्या रंगाखालून आधीच्या दोन नावांची अक्षरं फुगून वर आलेली दिसत, गोंदण पुसायचा प्रयत्न करावा आणि ते पुसू नये तशी. युद्धात जहाजं बुडत होती त्या काळात, बुडालेल्यांची जागा भरायला, पाळ्यांवर पाळ्या लावून तिला बांधलं होतं. पत्रे एकमेकांना जोडले, आत साधं वाफेचं इंजिन बसवलं, पाण्यात ढकललं. एक फेरी धड केली तरी खूप झालं, असा तेव्हाचा हिशेब. तिच्याबरोबर जन्मलेल्या बहिणी कधीच्या गेल्या, काही पाणसुरुंगांनी, काही नुसत्या थंडीने. कडाक्याच्या थंडीत त्यांचे पत्रे तडकत, तोफेसारखा आवाज होई आणि जहाज दुभंगे. ही मात्र राहिली. तिच्या कुशींना जाड पट्ट्या मारल्या होत्या, तळाशी एका भेगेवर चक्क सिमेंटचा ठोकळा ओतला होता. मागच्या बाजूला तोफेचा गोल चौथरा अजून होता. त्यात आचारी बटाटे ठेवायचा.

“हिला घाईत जन्माला घातली,” तेलकाका मला सांगत. “सातव्या महिन्याचं लेकरू म्हणा ना. पण अशीच लेकरं चिवट निघतात.”

इंजिनाच्या फिरत्या सांध्यांना तेल पाजणं हे त्यांचं काम. लांब चोचीची तेलाची झारी घेऊन ते त्या अवाढव्य दांड्यांमध्ये वाकत आणि दांडा वर येईल त्या क्षणी बरोबर धार सोडत. बंदरात इंजिन थांबलं की डेकवरच्या वाफेची देखभालही त्यांच्याकडेच असे. सगळा जन्म त्या धडधडीत गेल्यामुळे कानांनी कधीच राजीनामा दिला होता. त्यामुळे ते प्रेमाचंही ओरडूनच बोलत. आचारी म्हणे, “काका अंघोळ करतात त्या दिवशी समुद्रातले मासे तेलावरून घसरतात.” काकांना ते ऐकू जात नसे, पण सगळे हसताहेत म्हणून तेही हसत.

युद्ध संपून म्हातारी पहिल्यांदा विकली गेली तेव्हा ते तिच्यावर आले. “एका फेरीसाठी आलो होतो,” ते म्हणत, “मग उतरायचं राहूनच गेलं.” बायको नाही, घर नाही. म्हातारीने काय काय वाहिलं ते मात्र माहेरच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत. गहू, कोळसा, खत, लाकडाचे ओंडके, शिवणयंत्रं. एकदा आगगाडीची इंजिनं नेली, तेव्हा म्हातारी एका कुशीवर कलली आणि तशीच लंगडत पोचली. एकदा पुरात घरं गेलेली माणसं नेली. “धान्याच्या कोठारात माणसं. उतरून गेल्यावर तळाशी एक चिमुकली चप्पल सापडली. पुढच्या सगळ्या बंदरांत विचारलं आम्ही. आता चप्पल काय समुद्रात चालत येते? पण विचारावंसं वाटलं.”

बॉयलरच्या वर एक उबदार बोळ होता. खलाशी तिथे कपडे वाळवत. लेकीचे लंगोट काका स्वतः तिथे दोरीवर घालत आणि वाळले की घड्या करून माझ्या दाराशी आणून ठेवत. तिला ते ‘मालकीण’ म्हणत. “मालकीण, आज इंजिन बरं चाललंय, हुकूम काय?” असं गरजले की ती दचकायच्याऐवजी खिदळायची. मी सारखी तिच्या कपाळाला हात लावून बघते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा म्हणाले, “पोरी, मीही पहिल्यांदा आलो तेव्हा असाच होतो. इंजिनाचा ठोका जरा चुकला की वाटायचं, गेली. सवय होते. काळजी जात नाही, पण काळजीची सवय होते.”

ती मालफेरी झाली की म्हातारी मोडीत जाणार होती. भरतीच्या वेळी पूर्ण वेगाने एका किनाऱ्यावर घुसवायची, ओहोटीला ती उघडी पडली की गॅसचे कटर घेऊन माणसं तोडायला लागतात. मी काकांना विचारलं होतं, “वाईट वाटेल ना तुम्हाला?”

“वाईट कसलं? मी असणार आहे ना! किनाऱ्याला लागली की मुख्य वाफ मी बंद करणार. मोठ्या इंजिनिअर साहेबांकडून कबूल करून घेतलंय.”

“म्हणजे एक चाक फिरवायचं. त्यात काय एवढं?”

त्यांनी हातातली झारी खाली ठेवली. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “माणूस गेलं की डोळे कोण मिटतं? घरचंच कुणीतरी ना? परक्याने मिटून चालत नाही.”

त्यानंतर आम्ही एका गोठलेल्या बंदरात पोचलो.

पाणी पांढरं झालं होतं. दोरखंड काठीसारखे ताठ. माल उतरवायची डेकवरची विंचयंत्रं वाफेवर चालत आणि अशा थंडीत ती कधीच थांबवत नाहीत, काम नसलं तरी. वाफ थांबली की नळीत पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि बिडाचं यंत्र तडकतं. म्हणून सगळी विंचं रिकामीच, हळूहळू फिरत ठेवायची असा कप्तानाचा सक्त हुकूम होता. त्यातलं एक नेमकं आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे. खडक... खट्ट. खडक... खट्ट.

लेकीचा कान ठणकत होता. बंदरावरच्या डॉक्टरने थेंब दिले आणि म्हणाला, “झोपू द्या तिला. झोप हेच औषध.” पण जरा डोळा मिटला की खट्ट, आणि ती किंचाळून उठायची. रडून रडून आवाज बसला होता तिचा. माझा तोल सुटत चालला होता. रविवार होता, माल उतरवायचं काम बंद. नवरा खाली बंद ठेवलेल्या दुसऱ्या बॉयलरच्या नळ्या साफ करत होता. मी लेकीला शालीत गुंडाळलं आणि डेकवर आले.

काका त्याच विंचाशी होते.

“काका, हे एकच विंच जरा वेळ थांबवता येईल का हो?” मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

त्यांनी विंचाकडे बघितलं. मग लेकीकडे. ती हुंदके देत माझ्या खांद्यावर डोकं आपटत होती.

“थांबवता येतं,” ते सावकाश म्हणाले. “थांबवायला काय.”

थांबवता येतं म्हणाले, थांबवतो म्हणाले नाहीत. एवढं मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मला ऐकायचं तेवढंच मी ऐकलं.

“किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“ही उठेपर्यंत. उठली की लगेच सांगते मी.”

“बरं,” ते म्हणाले.

खोलीत येईपर्यंत खट्ट थांबलं होतं. लेक हुंदका अर्धाच टाकून झोपली. मी गोल खिडकीतून बघितलं. काकांनी नळीतलं पाणी सोडून दिलं होतं, विंचाला गोणपाटं गुंडाळली होती, वरून स्वतःचं घोंगडं टाकलं होतं. बादलीने गरम पाणी आणून ते त्यावर ओतत होते. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे तिथेच बसले होते. बरं वाटलं मला. सगळं नीट चाललंय असं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी आडवी झाले.

जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड मावळत होता. लेक जागी होती, शांत, माझ्या वेणीचं टोक चोखत होती. कधीपासून कोण जाणे. तिचा कान दुखत नाहीय या आनंदात मला काही सुचेना. आधी तिला पाजलं. मग लंगोट बदलला. मग तिच्याशी थोडं खेळलेसुद्धा. आणि मग आठवलं.

मी धावत डेकवर गेले. काका तिथेच होते. टोपीवर, भुवयांवर बर्फाची भुकटी. मला बघताच उठायला गेले तर गुडघे वळेनात.

“उठली का मालकीण? झोप झाली ना मस्त?”

“काका, तुम्ही सुरू का नाही केलंत मधेच?”

“तू सांगितलं नव्हतंस ना.”

त्यांनी वाफेची तोटी अगदी केसाएवढी उघडली. थांबले. आणखी केसाएवढी. मग गरम पाण्याने जाड काच तडकावी तसा आवाज झाला आणि विंचाच्या पोटातून पांढरी वाफ फुसफुसत बाहेर आली. नळीच्या खालच्या वळणात थोडं पाणी राहतंच, हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं. काकांना ते पहिल्यापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानाच्या खोलीत चौकशी झाली. मला कुणी बोलावलं नव्हतं. लेकीला घेऊन मी बाहेरच्या बोळात उभी राहिले.

“डोळा लागला माझा, साहेब,” काकांचा आवाज सगळ्या बोळाला ऐकू येत होता. “विंच कधी थांबलं, कळलंच नाही.”

“वय झालं तुमचं,” कप्तान म्हणाला. “तरी मी म्हणत होतो, थंडीत दोन माणसं ठेवा. जाऊ दे. त्या विंचाऐवजी किनाऱ्यावरची क्रेन घेऊ. तशीही म्हातारी मोडीतच निघालीय. पुन्हा असं होता कामा नये, काय?”

संपलं होतं. तिथेच संपलं होतं सगळं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते घोंगडं होतं. माझ्यासाठी हा म्हातारा माणूस स्वतःला झोपाळू म्हणवून घेतोय, आणि मी, एवढी शिकलेली, दाराआड उभी राहून ऐकतेय! माझ्याने राहवेना. मी आत गेले.

“कप्तान साहेब, ते झोपले नव्हते. मीच त्यांना विंच थांबवायला सांगितलं. चूक माझी आहे.”

कप्तानाशेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. काकांना ऐकू गेलं नसावं, पण माझा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी नुसती मान हलवली, नको नको अशी.

कप्तानाने समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाला, “बाई, तुम्ही हे सांगायला नको होतं. डोळा लागणं हा वयाचा दोष आहे, तो मी पोटात घालतो. पण माझा हुकूम माहीत असताना कुणीतरी सांगितलं म्हणून वाफ बंद केली? असा माणूस मी बॉयलरपाशी कसा ठेवू? उद्या कुणी आणखी काही सांगेल.”

“त्यांनी फक्त माझ्या मुलीसाठी...”

“म्हणूनच,” कप्तान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर काकांनी लेकीच्या हातात आपलं बोट दिलं. मला म्हणाले, “कशाला बोललीस पोरी? मी जमवलं होतं की.”

खरं बोलले आणि त्या रात्री मला झोप लागली, हे मी लपवत नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. तो कुणाच्या छातीवर गेला हे दुसऱ्या दिवशी दिसलं. काका पत्र्याची पेटी घेऊन शिडीवरून धक्क्यावर उतरत होते. त्यांना कंपनीच्या बंदरी परत पाठवत होते, दुसऱ्या जहाजाने, प्रवासी म्हणून. आचारी शिडीच्या टोकाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. एक शब्द बोलला नाही. तो बोलघेवडा माणूस.

काकांनी जाताना माझ्या नवऱ्याला एवढंच सांगितलं, “शेवटी वाफ सावकाश बंद करा हं, साहेब. एकदम नको. घाबरते ती.”

माझ्या खोलीच्या दाराशी वाळलेल्या लंगोटांची घडी होती.

माल उतरल्यावर मी आणि लेक आगगाडीने घरी आलो. नवरा म्हातारीला घेऊन शेवटच्या किनाऱ्याला गेला. परत आला तेव्हा मी विचारलं, “तुम्हीच बंद केलीत ना वाफ?”

तो बूट काढत होता. बराच वेळ नाडीच सोडवत राहिला.

“नाही जमलं,” म्हणाला. “पूर्ण वेगाने वाळूत घुसलो. हादरा असा बसला की दिवेच गेले. वर पळत आलो, तेवढ्यात तोडणारी माणसं दोरांवरून चढलीसुद्धा. पितळ काढायची घाई त्यांना. मोठे साहेब म्हणाले, सामान घ्या, होडी थांबणार नाही. होडीतून बघितलं तर मागचा पंखा अजून फिरत होता. चिखल उडवत. हळू, आणखी हळू. वाफ कुणी बंद केलीच नाही गं. दमून थांबली.”

मी या वर्षी, थंडी सुरू होताना, काकांना भेटायला गेले. कंपनीच्या बंदरामागच्या रस्त्यावर खलाशांचं वसतिगृह आहे, तिथे वरच्या मजल्यावर, जिन्यासमोरची खोली त्यांची. लेक आता धावते. दार ढकलून तीच आधी आत घुसली. काकांनी तिला ओळखलं नाही. मग माझ्याकडे बघितलं आणि गरजले, “मालकीण! अहो, पाय फुटले हिला!”

बारीक झाले होते. खोलीत पलंग, पेटी, कोपऱ्यात कोळशाची शेगडी. अंगात दोन स्वेटर. आम्हाला पलंगावर बसवलं आणि स्वतः पेटीवर बसले. कसे आहात, म्हटलं तर म्हणाले, “बरा आहे. एकदम बरा. इथली माणसं फार चांगली.” वसतिगृहाच्या माणसाने खाली मला सांगितलं होतं की काका मागे एकदा आठवडाभर जेवायला उतरले नाहीत आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आपला कोळसा शेजारच्या खोलीतल्याला देऊन टाकतात, हेही सांगितलं. त्याने मागितला म्हणून.

मग त्यांनी विचारलं. मला माहीत होतं ते विचारणार.

“म्हातारीची वाफ कुणी बंद केली?”

मी त्यांच्या कानाशी वाकले. एकदा खरं बोलून मी त्यांचं काय केलं होतं ते मला आठवत होतं.

“ह्यांनी केली, काका.”

“सावकाश?”

“अगदी सावकाश.”

“साहेबांचा हात भाजला नाही ना? ती तोटी तापते फार.”

“नाही भाजला.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले. “घरच्यानेच केलं.” आणि लेकीच्या टोपीची नाडी नीट करू लागले. त्यांना ते खरंच पटलं, का त्यांनी नुसता माझा मान राखला, हे मला आजही सांगता येत नाही. या माणसाने मला कधीच काही नाकारलं नव्हतं. खोटं तरी कसं नाकारतील?

निघताना लेक शेगडीकडे धावली, ती भाजेल या भीतीने मी झडप घालून तिचा हात धरला. काका हसले. “आत्ताच विझवलीय, काही होत नाही,” म्हणाले. धडपडीत माझा तळवा शेगडीला लागला. थंडगार होती. आतली राखही कित्येक दिवसांची होती. आणि मी काय केलं? गाडीची वेळ झाली होती, लेक कुरकुरत होती, तिला सर्दी होईल असं वाटत होतं. मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. तेव्हापासून दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. नवरा समुद्रावर आहे, मला पुन्हा दिवस गेलेत आणि डॉक्टरने प्रवास करू नका म्हणून सांगितलंय.

म्हणून तुम्हाला सांगते. खलाशांच्या वसतिगृहावरून तुमचा जायचा रस्ता असेल, तर कृपा करून एकदा वर जा. दार वाजवत बसू नका, ऐकू येत नाही, ढकला, उघडंच असतं. कसे आहात असं विचारू नका, बरा आहे म्हणतील. शेगडीला हात लावून बघा.